मातीच्या घोड्याची झूल

"मामंजी, घोड्याचं माप घ्यायचं असलं तर कुठून कुठवर घ्यायचं?" एका सकाळी भवानीनं सासऱ्यांना विचारलं.

नरसिंहराव ओट्यावर उन्हात पाय पसरून बसले होते. तरुणपणी त्यांनी तंजावरच्या राजवाड्यात हत्तीघोड्यांच्या झुली शिवल्या होत्या. पुढं इंग्रजांनी राज्य खालसा केलं, पागा मोडली, हत्ती कुणी कुणी विकत नेले, आणि नरसिंहराव आपली कात्री घेऊन कुंभकोणमला आले. इथं शिंपी आळीत आपल्यासारखी मराठी बोलणारी विठ्ठलभक्तांची दहा-बारा घरं होती. देवळांच्या रथांना लटकवायच्या रंगीत कापडी तोंबै शिवायच्या, कचेरीतल्या लोकांचे अंगरखे शिवायचे, यावर घर चालत होतं. घोड्याच्या मापाचा प्रश्न त्यांना वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

त्यांनी पाय आवरले. ताठ बसले. "जिवंत घोड्याचं?"

"मातीच्या. इन्नंबूरच्या."

आत कापड बेतत बसलेल्या सेतूची कात्री थांबली. सेतू म्हणजे भवानीचा नवरा. इन्नंबूरचा घोडा म्हटल्यावर कुठला, हे घरात कुणालाच विचारावं लागलं नाही. त्याच्यावर काय घडलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट भवानीनं अकरा महिने पोटात ठेवली होती.

गेल्या वर्षी ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या पुढच्या पंधरवड्यात, ती इन्नंबूरच्या पलीकडे आत्याकडे बारशाला गेली होती. परत येताना बैलगाडीत ती आणि मांडीवर अलमेलू, तिची अकरा महिन्यांची लेक. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. सकाळी गाडी इन्नंबूरच्या शिवेवर आली आणि वरच्या अंगाला कुठंतरी बंधारा फुटला. भाताच्या शेतांवरून पाणी आवाज न करता सरकत आलं. गाडीवानानं बैल सोडले आणि ओरडला, "अम्मा, त्या चौथऱ्यावर चढा, मी माणसं आणतो!"

चौथरा अय्यनारचा होता. अय्यनार हा त्या बाजूच्या गावांचा राखणदार देव. त्याच्यासाठी कुंभार भाजक्या मातीचे मोठाले घोडे करून शिवेवर झाडाखाली उभे करतात. इथं दोन होते. पाणी चौथऱ्यावर आलं, घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. भवानीनं अलमेलूला लुगड्याच्या पदरानं छातीशी घट्ट बांधलं आणि घोड्याच्या पोटाखालच्या टेकूवर पाय देऊन, गळ्यातल्या मातीच्या घंटा धरून, ती कशीबशी त्याच्या पाठीवर चढली. थोड्या वेळानं शेजारच्या घोड्याचे पाय खचले आणि तो कुशीवर पडून पाण्याखाली गेला.

तिनं आधी विठ्ठलाला हाक मारली. मग कुलदेवीला. मग सासरमाहेरच्या, ऐकलेल्या, पाहिलेल्या सगळ्या देवांना. नावं संपली तरी दिवस संपेना. पाणी घोड्याच्या पोटाला टेकलं होतं. अलमेलू रडून रडून झोपली होती. भवानी थंडीनं कुडकुडत घोड्याच्या मानेला मिठी मारून बसली होती, आणि तिच्या गालाला ती माती बर्फासारखी गार लागली. तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "तू पण उघडाच आहेस की रे."

आणि मग ती त्याच्याशीच बोलू लागली. "उभा राहा. आजचा दिवस उभा राहा. माझ्याकडं सोनं नाही, नाणं नाही. मला शिवता येतं. मी तुला पांघरूण घालीन. मानेपासून शेपटापर्यंत. दरवर्षी घालीन, मी आहे तोवर."

दिवस मावळायच्या आत गावातले लोक केळीच्या खुंटांचा तराफा घेऊन आले आणि त्या दोघींना उतरवून घेऊन गेले.

हे सगळं तिनं त्या सकाळी ओट्यावर सांगितलं. सेतू उंबऱ्यात येऊन उभा राहिला होता.

"अगे, भीतीच्या वेळी माणूस काय काय बोलतो," तो म्हणाला. "आपण विठ्ठलाची माणसं. तिथं शेजारच्या देवाच्या ठाण्यात बकरी कापतात. आळीतले लोक काय म्हणतील? आपण विठ्ठलाला चांगला शेला करू. देव सगळा एकच."

भवानीनं जरा विचार केला. तिला भांडायचं नव्हतं. तिलाच ते कोडं सुटत नव्हतं. "अहो, एका गिऱ्हाइकाला अंगरखा कबूल केला, आणि नेऊन दिला दुसऱ्याला, तर चालेल? दोघंही माणसंच की."

"पण तू बोललीस ते ऐकलं कुणी?"

"अलमेलूनं."

"ती तर झोपली होती!"

नरसिंहराव मध्येच म्हणाले, "सेतू, पेटीतली माझी जुनी दोरी काढ. गाठी मारलेली. घोड्याचं माप हातांनी घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिघं इन्नंबूरला गेली. घोड्यांची देखभाल करणारा कुंभार सुब्रह्मण्य वेळार तिथला पुजारीही होता, कारण त्या देवाची पूजा कुंभारांकडेच असते. तो तिशीतला, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि घोड्याकडं पाहिलं, जणू तो आत्ता पहिल्यांदाच दिसत होता.

"अम्मा, घोड्याला माळ घालतात. चुना लावतात. वस्त्र देवाला नेसवतात. घोड्याला कुणी नेसवलेलं मी ऐकलं नाही."

"नको म्हणून सांगितलंय कुठं?"

"तसंही कुणी सांगितलेलं नाही," वेळार म्हणाला, आणि शिडी आणायला गेला.

नरसिंहराव शिडीवर चढले. सत्तरीच्या माणसाला सेतू खालून धरून होता. म्हाताऱ्यानं घोड्याच्या मानेवर थाप मारली, "हां, हां, उभा राहा राजा," असं हलकेच म्हटलं आणि दोरी कानामागून पाठीवर, पाठीवरून शेपटापर्यंत सोडली. राजवाड्यातले घोडे माप घेताना हलायचे, म्हणून त्यांना बोलत ठेवावं लागे. ती सवय त्यांच्या जिभेवर राहिली होती. खाली जमलेली पोरं हसली. वेळार हसला नाही. तो मान वर करून बघत होता.

ऐप्पसीत पहिली झूल चढली. आत जाडं मांजरपाट, वर रथाच्या कामातून उरलेले लाल-पिवळे तुकडे, कडेला हिरवा काठ. गाव बघायला लोटलं. एका म्हातारीनं भवानीला विचारलं, "घोड्याला, मग बसणाऱ्या देवाला काय?"  भवानी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत राहिली. तिनं देवाशी बोलणं केलं होतं की त्याच्या घोड्याशी? शेवटी तिनं ठरवलं, पाण्यात पाय रोवून उभा होता तो घोडा. देवानंच त्याला उभं केलं असेल, तर देवाला ते ठाऊक असणारच.

दुसऱ्या वर्षी नरसिंहराव वारले. तरी झूल चढली. मग धातु नावाच्या वर्षाचा तो दुष्काळ आला. त्या बाजूचे म्हातारे अजून त्याचं नाव हळू आवाजात घेतात. कावेरीच्या खालच्या भागात कसंबसं पिकलं होतं, म्हणून कोरड्या मुलखातली माणसं रांगा लावून इकडं येऊ लागली. कुंभकोणमच्या देवळांपुढं, रस्त्यांच्या कडेला, कालव्यांच्या काठी माणसंच माणसं. रथ निघाले नाहीत. तोंबै कुणी मागितल्या नाहीत. अंगरखा तर कोण शिवणार?

"यंदा राहू दे," सेतू म्हणाला. "देवाला दिसतंय."

"तेव्हा त्यानं 'यंदा राहू दे' म्हटलं असतं तर?"

 भवानीनं घरातल्या सगळ्या चिंध्या गोळा केल्या. सासऱ्यांचं जुनं धोतर, आपलं एक लुगडं, उशांचे अभ्रे. त्यातून झूल झाली. घोड्यावर चढवली तेव्हा यंदा कुणी बघायला आलं नाही.

पाच दिवसांनी सुब्रह्मण्य वेळार शिंपी आळीत दारात उभा राहिला. चालून चालून त्याचे पाय धुळीनं भरले होते.

"अम्मा, झूल गेली. लोक म्हणतात, पुजाऱ्यानंच विकली."

भवानीच्या मनात आधी जे आलं ते तिनं पुढं कधी लपवलं नाही. तिच्या मनात आलं, नवस फिटला की नाही? पांघरूण घालीन म्हटलं होतं. किती दिवस राहील ते म्हटलं नव्हतं.

ती वेळारबरोबर निघाली. सेतूही निघाला, तिला एकटीला जाऊ देईना. शिवेजवळच्या कालव्याच्या काठी झावळ्यांच्या आडोशाला काही माणसं उतरली होती. त्यात एका बाईच्या अंगावर भवानीला आपला टाका दिसला. स्वतःचा टाका शिंप्याला लांबूनही ओळखू येतो. बाईनं झूल दातांनी वाटेल तशी फाडली होती. एक तुकडा स्वतःला गुंडाळला होता, दोन तुकडे दोघा लेकरांना. उरलेलं वाकडंतिकडं फाटून चिखलात पडलं होतं.

वेळार हात उगारून धावून गेला. "देवाचं चोरलंस!"

बाई उठली नाही. तिचं नाव शिवकामी, सेलमकडची. नवरा वाटेतच गेला होता. ती वेळारकडं न बघता भवानीकडं बघत म्हणाली, "मी विचारून घेतलं."

"कुणाला विचारलंस?"

"घोड्याला. तीनदा विचारलं. पोरं गारठलीत, घेऊ का? तो नाही म्हणाला नाही."

वेळारचा हात खाली आला. सेतूनं बायकोकडं पाहिलं.  ती चिखलातला फाटका तुकडा उचलून उलटसुलट बघत होती.

"अशी फाडतात का गे?" ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात खरोखर दुःख होतं. "यात दोन लेकरांचे दोन अंगरखे निघाले असते, आणि तुला धड एक नेसूचं. सगळं वाया घालवलंस."

सुई ती नेहमी जवळ बाळगत असे. ती तिथंच कालव्याच्या काठावर बसली. जुने टाके उसवले, तुकडे धुऊन वाळवले, जुळवले आणि दिवस कलेपर्यंत दोन लहान अंगरखे शिवून दिले. शिवकामी समोर बसून तिच्या हातांकडं बघत होती. आभार वगैरे काही म्हणाली नाही. फक्त धाकट्याच्या अंगरख्याचा गळा घट्ट होत होता तेवढं तिनं सांगितलं.

परत येताना वाटेत सेतू म्हणाला, "आता घोडा उघडाच राहणार?"

"यंदाचं घातलं होतं," भवानी म्हणाली. "मग त्याला विचारून नेलं. आता पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षीही दुष्काळ सरला नव्हता. भवानीला कुणीतरी रेशमी कापडाचे तुकडे दिले होते, थोडं मांजरपाटही मिळालं. ती झूल शिवू लागली. सेतूनं एक शिवण बोटानं ओढून पाहिली.

"हे सगळं कच्च्या टाक्यांनी शिवलंयस. एक वारा आला की सुटेल."

"सुटायलाच हवं."

त्यानं झूल जमिनीवर पसरली, वाकून नीट पाहिली.  बाहेरून ती एक झूल दिसत होती. आतून मात्र ते लुगड्याच्या लांबीचे तीन तुकडे आणि सात-आठ लहान चौकोन होते, कच्च्या धाग्यानं एकमेकांना धरून ठेवलेले. धागा काढला की फाडाफाडी नको, वाया जाणं नको.

"तू हे घोड्यासाठी शिवतेस की चोरांसाठी?"

"घोड्यासाठी. मानेपासून शेपटापर्यंत होतं की नाही बघा."

त्यानं माप पाहिलं. होत होतं. कुठंही वीतभर कमी नव्हतं. सेतू झुलीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "इथं गाठ मारलीस ती चुकली. अंधारात कुणी ओढली तर अडकेल. अशी मार." त्यानं धागा घेऊन सुटती गाठ मारून दाखवली. एक टोक ओढलं की सगळी शिवण सरसर मोकळी होत गेली. दोघांनी मिळून ती झूल पुन्हा बांधली.

सुब्रह्मण्य वेळारला हे सांगावंच लागलं. 

"अम्मा, देवाला घातलेलं माणसानं नेलं, तर पाप कुणाला? मला, की नेणाऱ्याला, की तुम्हाला?"

"मला ठाऊक नाही, अय्या. मी घातलं तेवढं माझं. पुढं त्याचं तो बघील."

वेळारला हे पटलं की नाही कुणास ठाऊक. पण त्या वर्षी झूल चढल्यावर तिसऱ्या दिवशी तो काही काम नसताना तिरुविसनल्लूरला पाहुण्यांकडं गेला आणि दोन दिवसांनी आला. तेव्हा घोड्यावर एक कच्चा धागा लोंबत होता, बाकी काही नव्हतं. पुढं दरवर्षी ऐप्पसीत तिसऱ्या दिवशी वेळारला कुठं ना कुठं जायचं असेच. कोण नेतं, हे त्यानं विचारलं नाही, भवानीनंही नाही. एकदाच तिला इन्नंबूरच्या रोपणीत बायकांच्या रांगेत ओळखीचा लाल चौकोन एका पोरीच्या डोक्याला बांधलेला दिसला. ती थांबली, त्याची कड उसवली नाही ना ते लांबूनच पाहिलं आणि चालू लागली.

आळीत काही घरं तिला नावं ठेवत. विठ्ठलाच्या भजनाला ती येई तेव्हा एकदोघी सरकून बसत. ती टाळ घेऊन मागं बसे. अलमेलू मोठी झाली, तिचं लग्न होऊन ती आडुतुरैला गेली. आपण कशामुळं जिवंत आहोत, हे तिला आईनं कधी बसवून सांगितलं नाही. तिनं ते आळीतल्या टोमण्यांतूनच ऐकलं.

वीस-बावीस वर्षं अशी गेली. मग एका वादळात तो घोडा पडला. पाय आधीच भेगाळले होते. बातमी आली तेव्हा भवानी ओट्यावर डाळ निवडत होती. तिला रडू आलं, आणि रडता रडता आणखीही काहीतरी आलं, ते तिनं रात्री जेवताना सेतूला सांगितलं.

"मला हलकं वाटलं हो. बोटं दुखतात आता. वाटलं, ज्याला बोलले तोच गेला. सुटले."

"मग सुटलीस."

"पण सुटले का, ते विचारून यायला हवं."

इन्नंबूरला गेल्यावर तिनं पाहिलं तर सुब्रह्मण्य वेळार, आता केस पांढरे झालेला, पडलेल्या घोड्याचे तुकडे दगडानं कुटत बसला होता. शेजारी ओल्या मातीचा ढीग.

"हे काय करता अय्या?"

"नव्याची माती. जुना कुटून घातल्याशिवाय मोठं मडकंसुद्धा भट्टीत टिकत नाही, घोडा कसा टिकेल? तडकतो. त्यात थोडा जुना लागतोच."

भवानी खाली बसली. तिनं त्या भुकटीत हात घालून पाहिला.

"म्हणजे हा तोच?"

वेळारनं हातातला दगड बाजूला ठेवला. "थोडा तोच," तो म्हणाला. मग जरा संकोचून, "पण अम्मा, गावानं सांगितलंय, यंदा दोन वीत उंच करा."

"उंच?" भवानीचा आवाज चढला. "अहो, माझं वय बघा! कापड लागेल किती ते तरी विचारायचं होतं मला!"

"गावात माणसंही वाढलीत, अम्मा," वेळार खाली मान घालून म्हणाला.

तिला हसू आवरेना. येताना जे हलकं वाटलं होतं ते परत जाताना राहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ती कुठं कुरकुरल्याचं कुणाला आठवत नाही. त्या दोन वीत उंच घोड्याला तिनं पुढं अकरा झुली घातल्या. शेवटच्या दोन झुलींचे टाके बरेचसे माहेरी आलेल्या अलमेलूचे होते, धागा ओवायचं काम सेतूचं. बेत मात्र भवानीचा, कुठला तुकडा कुठं आणि कुठली गाठ आधी सुटायची तो.

ती गेली ती पंगुनी महिन्यात, तापानं, तीन दिवसांत. घरच्या नेहमीच्या लोकांत, विठ्ठलाचं नाव घेत.

ऐप्पसी आली. सेतू एकटाच इन्नंबूरला गेला. गुडघे दुखत होते, तरी चालत. घोड्यासमोर जाऊन तो हात जोडून उभा राहिला. वेळार बाजूला उभा होता. सेतू त्या देवाशी जन्मात कधी बोलला नव्हता. काय म्हणून हाक मारावी तेही त्याला कळेना.

"ती गेली," तो म्हणाला. "'मी आहे तोवर' म्हणाली होती. तिनं पुरं केलं. तुझं तिच्याकडं काही राहिलं नाही. मी काही बोललेलो नाही, हे तुला ठाऊक आहे."

मग तो खाली ठेवलेलं बोचकं उचलायला वाकला. वेळारनं विचारलं, "मग यात काय आहे अय्या?"

"झूल," सेतू म्हणाला. "ही नवसाची नव्हे. शिडी धराल जरा?"